लिनक्स अडले तर विचारावे कोणाला?

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संगणक कार्यप्रणालीला तिच्या निर्मात्यांकडून मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-सुधारणा थांबल्या. काही अटींवर वा शुल्क भरून त्या आणखी काही काळ मिळवण्याची सोय ठेवण्यात आली आहे. तथापि ती केवळ मुदतवाढ होय. पुढची ‘विंडोज ११’ ही प्रणाली बसवावयाची तर यंत्रात सुरक्षेसाठीची एक विशिष्ट चिप आणि बऱ्याच अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर असावा लागतो. शाळांच्या संगणक कक्षांतील आणि लहान कार्यालयांतील कितीतरी जुने संगणक या कसोटीला उतरत नाहीत. यंत्रे चालू आहेत, कळफलक झिजलेले असले तरी शाबूत आहेत. आणि तरीही त्यांच्या निर्लेखनाचे प्रस्ताव तयार करण्याची वेळ अनेक ठिकाणी आली आहे.

अशा यंत्रांवर लिनक्स बसवून ती आणखी काही वर्षे वापरता येतात, ही गोष्ट आता बहुतेकांच्या कानावर आहे. ४ जीबी स्मृती असलेल्या जुन्या संगणकावरही लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या समाधानकारक चालतात. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर फरक विशेष जाणवतो. असे असूनही मुख्याध्यापक आणि कार्यालयप्रमुख कचरतात, ते एका प्रश्नापाशी. उद्या हे अडले तर दुरुस्त कोण करणार? कंपनीचा माणूस येणार नाही, वार्षिक देखभालीचा करार नाही, आणि गल्लीतील दुरुस्तीवाला ‘त्यापेक्षा विंडोज टाकून देतो’ असे म्हणतो.

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मुंबईच्या उपनगरांत गेली पंचवीस-तीस वर्षे कसे दिले गेले, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून संगणकशास्त्राशी त्याचा संबंध एक वापरकर्ता एवढाच आहे, हेही प्रारंभीच सांगितलेले बरे.

प्रारंभच एका प्रश्नाने

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘जीएनयू’ प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि दुसऱ्याला देण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असावे, ही त्यामागील भूमिका होती. त्यानंतर आठ वर्षांनी, २५ ऑगस्ट १९९१ रोजी, हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे इतर संगणक वापरणाऱ्यांना कळवले आणि तीत काय असावे अशी विचारणा केली. लिनक्सचा जन्म असा सहवापरकर्त्यांना विचारलेल्या प्रश्नातून झाला. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी संपूर्णपणे लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांची आहे. ग्रामसेवकाच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तेच आहे. तेव्हा ही प्रणाली प्रायोगिक आहे, हा आक्षेप आता निकालात काढण्यास हरकत नाही.

जुहू, पवई, मानखुर्द

उपनगर जिल्ह्यात एकही ग्रामपंचायत नाही. तरीही येथील अनुभव ग्रामीण वाचकांच्या उपयोगी पडावा असा आहे, कारण तोही साधनांच्या टंचाईतूनच आलेला आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला २८.८ किलोबिट वेग मिळाला तर तो उत्तम समजला जाई. ६५० मेगाबाइटची एक सीडी त्या वेगाने उतरवून घ्यावयाची तर सलग पन्नास तास लागत, आणि तोपर्यंत घरचा फोन अडकून पडे. ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकासोबत मिळणारी लिनक्सची सीडी म्हणूनच हातोहाती फिरे. सीडी एकाकडे, यंत्र दुसऱ्याकडे आणि अनुभव तिसऱ्याकडे, अशा स्थितीत माणसे एकत्र येणे अपरिहार्य होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचा गट उभा राहिला. सुट्टीच्या दिवशी एखाद्या संस्थेत जमावे, ज्याला लिनक्स बसवावयाचे असेल त्याने संगणकाचा डबा रिक्षात घालून आणावा आणि जाणत्यांनी तो मांडीवर घ्यावा, अशी या मेळाव्यांची पद्धत. त्यांना ‘इन्स्टॉल-फेस्ट’ असे भारदस्त नाव होते.

या गटांना आधार देणाऱ्या संस्थाही उपनगरातच होत्या. जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही १९८५ साली स्थापन झालेली आणि पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालेली संस्था. लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात यासाठी ‘इंडिक्स’ या नावाने तेथे काम झाले. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शालेय शिक्षणासाठी मुक्त आज्ञावलींचा पुरस्कार दीर्घकाळ करण्यात आला. पवईच्या आयआयटीचा उल्लेख पुढे येणारच आहे. इ. स. २००० च्या सुमारास मुंबईत ‘इंडलिनक्स’ हा भारतीय भाषांसाठीचा स्वयंसेवी उपक्रमही सुरू झाला. यांतील बहुतेकांनी पगाराची वेळ संपल्यानंतर हे काम केले.

एका वाय-फायचे प्रकरण

तीन वर्षांपूर्वी बोरिवली येथील राहत्या घरी प्रस्तुत लेखकाने एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवले. सर्व काही चालले; वाय-फाय चालले नाही. परिचितांपैकी तिघांना ‘वाय-फाय बंद आहे, काय करू?’ असे विचारले. तिघांनी तीन उपाय सांगितले. त्यांतील एक उपाय लिनक्सच्या निराळ्याच आवृत्तीसाठी होता. तो अर्थ न समजता जसाच्या तसा टंकित केला आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केल्यावर काळ्या पडद्यावाचून काहीही दिसेना. दोष सल्ला देणाराचा नव्हता. त्याला आवृत्ती सांगितलीच नव्हती.

अखेर घाटकोपरला राहणाऱ्या एका सेवानिवृत्त दूरध्वनी अभियंत्यांकडे जाणे झाले. त्यांनी यंत्राला हातही लावला नाही. ‘तुम्ही मला निष्कर्ष सांगताय, साहेब. पडद्यावर काय लिहून येतंय ते आधी वाचा,’ एवढेच म्हणाले. यंत्र सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबून धरल्यास एक यादी दिसते आणि तीत आधीचे ‘कर्नल’, म्हणजे प्रणालीचा आधीचा गाभा, निवडता येतो, हे त्या दिवशी समजले. नवा गाभा बिघडला तरी जुना सहसा काढून टाकलेला नसतो. त्यायोगे पडदा परत आला. मग मूळ तक्रारीकडे वळलो.

(या लेखात आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत, त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकित करावयाच्या असतात.)

‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा दिल्यावर यंत्राच्या आत बसवलेल्या भागांची यादी येते. प्रत्येक भागापुढे चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक असतात. पहिला उत्पादकाचा, दुसरा त्या वस्तूचा. सातबाऱ्यावरील गट क्रमांक आणि हिस्सा क्रमांक यांच्यासारखेच हे आहे. दुकानदाराने खोक्यावर कोणतेही नाव छापले असले तरी ओळख पटते ती या क्रमांकांवरून. त्यानंतर ‘डीमेसेज’ या आज्ञेने यंत्राने सुरू होताना स्वतःच लिहून ठेवलेली दैनंदिनी वाचली. तीत अमुक नावाची फर्मवेअर फाइल सापडली नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते. तीन आठवडे ज्याचा शोध चालला होता, ते उत्तर यंत्राने पहिल्याच दिवशी लिहून ठेवले होते.

कारण असे की, वाय-फायच्या अनेक चिपांना दर वेळी संगणकाकडून एक छोटी आज्ञावली भरवावी लागते. ती उत्पादकाच्या मालकीची असते आणि तिचा मूळ मजकूर खुला नसतो. त्यामुळे मुक्त आज्ञावलींचा काटेकोर आग्रह धरणारे काही वितरक ती आपल्या सीडीत घालत नसत. ‘डेबियन’ या जुन्या व प्रतिष्ठित वितरणाने जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून हे धोरण बदलले आणि स्थापनेच्या अधिकृत संचात अशा फाइली समाविष्ट केल्या. तत्त्वाला यामुळे थोडी मुरड पडली, असे काहींचे मत आहे. शाळेतील शिक्षकाची सोय झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उपाय दहा मिनिटांचा निघाला. फोन यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडून फोनचेच इंटरनेट यंत्राला दिले, हवी ती फाइल उतरवून बसवली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. निघताना त्या गृहस्थांनी एक अट घातली : झाले ते सर्व आजच्या आज लिहून काढायचे.

पंचनामा कसा करावा

शासकीय सेवेतील वाचकांना पंचनामा ही गोष्ट नवीन नाही. घटनास्थळी जे दिसले ते, कोणतेही अनुमान न घालता, वेळेसह लिहावयाचे. लिनक्सविषयी साहाय्य मागताना याहून निराळे काही करावयाचे नसते. यंत्राचे मॉडेल आणि लिनक्सचे नाव व आवृत्ती आधी द्यावी. बिघाड केव्हापासून आहे आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदलले होते, हे प्रामाणिकपणे सांगावे. ‘काहीच केले नाही’ हे उत्तर बहुधा खरे नसते. दिलेली आज्ञा आणि त्यावर आलेला संदेश अक्षरशः उतरवून घ्यावा, भाषांतर करून सांगू नये. आतापर्यंत कोणते उपाय करून पाहिले आणि त्यांचे काय झाले, हेही कळवावे, म्हणजे साहाय्य करणाऱ्याचा वेळ वाया जात नाही. तो वेळ त्याच्या पदरचा आहे, हे विसरू नये.

आणि एका वेळी एकच बदल करावा. तीन गोष्टी एकदम बदलून यंत्र चालू लागले तर आनंद होतो, पण कशामुळे चालू लागले ते कळत नाही. पुढच्या खेपेस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

साडेपाच तासांचा फरक

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना हमखास भेटणारी एक तक्रार येथे सांगण्यासारखी आहे, कारण तिचे निदान केवळ आकड्यावरून होते. लिनक्स वापरून झाल्यावर विंडोज सुरू केले की घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. सकाळी १० वाजता पहाटेचे ४.३०! नेमके साडेपाच तास म्हटले की जाणत्याच्या ध्यानात येते की, भारतीय प्रमाणवेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांतील हा फरक आहे. यंत्रातील घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहिते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचते. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा दिल्यास लिनक्सही यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवू लागते आणि तंटा मिटतो. संगणकावर केवळ लिनक्सच असेल तर यातील काहीच करू नये.

मात्र तारीखच अनेक वर्षे मागे गेली असेल, तर कारण निराळे. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडण्यास नकार देतात, आणि तक्रार येते ती ‘इंटरनेट बंद आहे’ अशी. पंचनाम्यात घड्याळाची नोंद असेल तर हा उलगडा एका मिनिटात होतो.

आचार्य आणि आचारी

मराठीत काम करणाऱ्यांची खरी अडचण लिपीची असते. पंचायतीचा वीस वर्षांपूर्वीचा ठराव लिनक्सवर उघडला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची खिचडी दिसते, आणि लिनक्सला मराठी येत नाही असा शेरा मारला जातो. वस्तुस्थिती अशी की, त्या काळच्या अनेक फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत. विशिष्ट फॉन्ट असेल तोवर ते मराठी दिसे. तो नसेल तर आतील इंग्रजी उघडे पडे. तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तेच दिसेल. असा मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणून घेणे हाच त्यावरील कायमचा उपाय आहे. संगणक बदलला नाही तरी जुन्या दप्तरासाठी हे काम एकदा करावेच लागणार आहे.

नवीन मजकुरासाठी लिनक्सच्या सेटिंगमध्ये कळफलक विभागात मराठी जोडता येते. इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही पर्याय असतात. इन्स्क्रिप्ट पद्धती भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात दिलेली असून एकदा हात बसला की ती कोणत्याही भारतीय लिपीसाठी चालते. येथे मराठी माणसाला अडखळवणारी एक जागा आहे. ‘आचार्यांचा सत्कार’ आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’ या दोन समारंभांत बरेच अंतर आहे! साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ असे टंकित केले तर ‘र्य’ उमटते आणि स्वयंपाकी विद्वान होतो. ‘ऱ्य’ हवा असेल तर नुक्तायुक्त ‘ऱ’ घ्यावा लागतो. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’ची कळ, मग हलन्तासाठी ‘डी’ची कळ, मग ‘य’. तऱ्हा, दुसऱ्या, शेतकऱ्यांना या सर्व शब्दांना हाच नियम.

हेच अक्षर आणखी एका मार्गाने, साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही उमटवता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाला मात्र ती भिन्न असतात. त्यामुळे ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधला असता निम्म्या फाइली सापडत नाहीत. कार्यालयात दोन टंकलेखक असतील तर दोघांनी एकच मार्ग स्वीकारावा, एवढे पुरे.

मराठी मेनूंतील शब्दांमागेही सहवापरकर्त्यांचेच श्रम आहेत. फाइलला ‘धारिका’ म्हणावे की फाइलच म्हणावे, असे वाद प्रत्यक्ष एकत्र बसून सोडवावे लागतात. ‘फ्युएल’ या उपक्रमात वारंवार लागणाऱ्या शब्दांच्या याद्या अशाच रीतीने भारतीय भाषांसाठी तयार झाल्या; त्यांत मराठीही आहे. तलाठी कार्यालयात जो शब्द बोलला जातो तोच पडद्यावर असावा, या पक्षाचा प्रस्तुत लेखक आहे.

प्रिंटरविषयी थोडक्यात : खरेदीपूर्वी तो लिनक्सवर चालतो की नाही, हे वापरणाऱ्याला विचारावे. खरेदीनंतर विचारण्यात अर्थ नसतो.

काही सावधगिरी

परक्याने सुचवलेली, ‘सुडो’ या शब्दाने सुरू होणारी आज्ञा म्हणजे कोऱ्या कागदावरील सही होय. तिचा अर्थ समजल्यावाचून ती चालवू नये. प्रत्येक आज्ञेची माहिती ‘मॅन’ या आज्ञेने वाचता येते. दुसऱ्याला पाठवावयाच्या छायाचित्रात संकेतशब्द, आधार क्रमांक किंवा लाभार्थ्यांची यादी दिसत नाही ना, हे पाहावे. दुरुस्तीपूर्वी कामाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर काढावी. कार्यालयीन यंत्रांबाबत वरिष्ठांची संमती तर हवीच, शिवाय डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि लागणारी शासकीय संकेतस्थळे लिनक्सवर चालतात का, हे आधी एका यंत्रावर पडताळून घ्यावे. काही टोकनांचे चालक केवळ विंडोजसाठीच मिळतात. अशा कामासाठी एक यंत्र राखून ठेवणे शहाणपणाचे.

पवईचे पाठ

शेजारी जाणता नसेल त्याने काय करावे? पवईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. केंद्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून त्याला साहाय्य मिळाले. लिनक्स, लिबरऑफिस अशा विषयांवरील सुमारे दहा-दहा मिनिटांचे हे दृक्‌श्राव्य पाठ असून त्यांतील अनेक मराठीत विनामूल्य उपलब्ध आहेत. पडद्याच्या एका बाजूस पाठ आणि दुसऱ्या बाजूस स्वतःचे काम, अशी त्यांची रीत आहे. इंग्रजीत कच्च्या असलेल्या शिक्षकांना ते विशेष सोयीचे वाटतील.

शेजारधर्म संघटित केला तर काय होते, ते केरळने दाखवले आहे. तेथील शासकीय शाळांत लिनक्सचा वापर मोठ्या प्रमाणावर होत असून शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार करण्यात आले. २०१८ साली तेथे ‘लिट्ल काइट्स’ या नावाने विद्यार्थ्यांची मंडळे स्थापन झाली. शाळेतील संगणकांची देखभाल करण्यातही ही मुले हात लावतात. आपल्याकडे एका केंद्रातील दहा शाळांनी मिळून एक नोंदवही ठेवली, तरी प्रारंभ होऊ शकतो. वहीत तारीख, यंत्र, आवृत्ती, संदेश, कारण आणि उपाय असे रकाने आखावेत. मजकूर मराठीत असावा. संदेश मात्र मूळ इंग्रजीत.

घाटकोपरच्या अटीनुसार सुरू झालेली प्रस्तुत लेखकाची अशी वही आता ४१ व्या नोंदीपर्यंत आली आहे. गेल्या महिन्यात मुलुंडच्या एका शिक्षिकेचा दूरध्वनी आला : ‘काका, शाळेच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, पण वाय-फाय दिसतच नाही.’ त्यांना ‘एलएसपीसीआय’ची आज्ञा देऊन क्रमांक वाचावयास सांगितले. आठही अक्षरे वहीच्या पहिल्या पानाशी जुळली. पानाचे छायाचित्र त्यांना पाठवले, आणि सायंकाळी शाळेच्याच वाय-फायवरून त्यांचे उत्तर आले.